पाहुण्यांनो, वाघ आमच्या हातात नाही

पूर्वी लग्नपत्रिका हातात पडली की सोयरे मुहूर्त बघायचे. आता पत्रिकेवर चंद्रपूर दिसलं की आधी ताडोब्याचं मोहर्ली गेट बघतात. नवरीचं नाव, नवरदेवाचं शिक्षण, मंगल कार्यालयाचा पत्ता हे सगळं त्यानंतर. पुण्याची मावशी, ठाण्याचे काका आणि एरवी सख्ख्या बहिणीच्या लग्नालाही व्हिडिओ कॉलवर हजर राहणारा बंगळुरूचा चुलतभाऊ, सगळ्यांना एकाच वेळी नात्याचा उमाळा येतो. ‘आम्ही चार दिवस आधीच येतोय हं, मदतीला!’ ही मदत जिप्सीत बसून करायची असते, हे लग्नघराला नंतर कळतं.

प्रत्येक लग्नघरात पाहुण्यांच्या सरबराईला एक काका नेमलेला असतो. हिशेबी माणसाला केटररकडे लावतात, तापट माणसाला मंडपवाल्याच्या मागे लावतात आणि ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या वाट्याला पाहुणे येतात. आमच्या घरात हे खातं माझ्याकडे आहे. फोनवर येणारे प्रश्न मुळात तीनच. वाघ दिसेल का, एसी आहे का, आणि तिसरा प्रश्न विचारताना पाहुण्यांचा आवाज खाली जातो, म्हणून तो मीही जरा उशिराच घेतो.

आधी उतरण्याचं बघू. चंद्रपूरला स्टेशनं दोन. एक चंद्रपूर, दिल्ली-चेन्नईच्या मोठ्या मार्गावरचं. दुसरं चांदा फोर्ट, गोंदियाकडून येणाऱ्या मार्गावरचं. पुढे बल्लारशाह जंक्शन, ज्याच्या गावाचं नाव बल्लारपूर. ‘मी बल्लारशाहला उतरलोय, पण बाहेर सगळ्या पाट्या बल्लारपूरच्या आहेत,’ असा घाबराघुबरा फोन आला की माझं उत्तर ठरलेलं असतं: रंगवलेल्या वाघाजवळ उभे राहा, माणूस पाठवतो. स्टेशनाच्या भिंतींवर ताडोब्यातले प्राणी सुरेख रंगवलेले आहेत. त्या वाघासोबत फोटो काढून घ्यावा. काही पाहुण्यांना सबंध मुक्कामात दिसलेला तो एकमेव वाघ असतो.

आता एसी. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 वर गेला तर त्याची कोणी दखल घेत नाही. 47 ला गेला की पेपरवाले पहिल्या पानावर घेतात, आणि त्या बातमीत काळजीपेक्षा अभिमान थोडा जास्त असतो. जगातल्या सगळ्यात तापलेल्या शहरांच्या यादीत नाव आलं की आमचे लोक ती यादी नातेवाइकांना पाठवतात. त्यामुळे ‘दुपारी काय काय बघता येईल?’ असं कोणी विचारलं की मी खरं ते सांगतो. बारा ते पाच या वेळात चंद्रपुरात बघण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे कूलर.

या कूलरला पुण्याचे लोक हसतात, पण त्यातलं शास्त्र त्यांना ठाऊक नसतं. विदर्भातल्या लग्नात कोणाचा मान किती, हे त्याची खुर्ची कूलरपासून किती अंतरावर आहे त्यावरून कळतं. अगदी समोर व्याही आणि विहीणबाई. बाजूला मोठे जवाईबापू. मागच्या रांगेत मामा लोक, ज्यांना वारा नाही पण ओला वास मिळतो. आणि कूलरच्या मागच्या अंगाला, जिथून गरम हवा आत ओढली जाते तिथे, हातात यादी घेऊन उभा असलेला काका. मंगल कार्यालयातले ते मोठमोठे कूलर एकदम सुरू झाले की मंगलाष्टकं ऐकू येत नाहीत. भटजींच्या ओठांवरून ‘सावधान’ ओळखायचं आणि अक्षता टाकायच्या. आजवर कोणाचं लग्न त्यामुळे चुकीचं लागल्याचं ऐकिवात नाही.

‘तुमच्याकडे लाइट जात नाहीत ना?’ हाही एक उपप्रश्न असतो. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता 2920 मेगावॉट आहे. महाराष्ट्राचे एसी चालावेत म्हणून आम्ही कोळसा जाळतो, राख अंगावर घेतो आणि वर पाहुण्यांना सांगतो की पांढरा झब्बा आणू नका, बदामी आणा. तो आल्यावर पांढरा असला तरी जाताना बदामीच होतो.

आणि आता वाघ. ‘काकाजी, दिसन ना?’ असं आमच्याच गल्लीतलं पोर विचारतं तेव्हा मी ‘दिसन ना बा, काऊन नाही दिसन’ म्हणून मोकळा होतो. पण पाहुणे हा प्रश्न हॉटेलातल्या वेटरला विचारावा तसा विचारतात. आज आहे का? ताजा आहे का? गोष्ट अशी आहे की ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प पसरला आहे 1727 चौरस किलोमीटरवर, आणि त्यातल्या कुठल्याही वाघाला लग्नाचं आमंत्रण दिलेलं नाही. जंगलात जिप्सीचा ड्रायव्हर ओळखीचा, गाइड ओळखीचा, गेटवरचा माणूसही लांबच्या नात्यातला, एवढ्या ओळखी माझ्याकडे आहेत. फक्त वाघाशी नाही.

जिप्सीत पाहुणे सहा बसतात. सोयरे नेहमी सात असतात. हा सातवा माणूस कोण, यावरून आमच्या घराण्यात जी धुसफूस झाली आहे ती मानपानावरून झाली नव्हती. परमिटवर नावं आधी द्यावी लागतात, ओळखपत्र दाखवावं लागतं, म्हणून आयत्या वेळी ‘आत्याबाईंना जरा दाटीवाटीनं घ्या’ हे चालत नाही. आत्याबाई घरी राहतात आणि सगळे परत येईपर्यंत देवापुढे बसतात. वाघ दिसू नये म्हणून.

कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, हे कळल्यावर निम्म्या तरुण पाहुण्यांचा वाघातला रस संपतो. फोटोच नाही तर वाघ बघून करायचं काय? बाकीचे पहाटे अंधारात उठतात. ज्या माणसाला हळदीसाठी नऊ वाजता उठवायला तीन माणसं लागतात, तो चार वाजता आंघोळ करून गेटवर उभा असतो. परत आल्यावर चेहऱ्यावरून निकाल कळतो. दिसला असेल तर तो माणूस पुढचे दोन दिवस नवरदेवापेक्षा मोठा असतो. जेवताना, मेंदी काढताना, थेट पाठवणीच्या वेळीही ‘अगदी या खांबाएवढ्या अंतरावर होता’ हे चालू असतं. दिसला नसेल तर तो म्हणतो, ‘जंगल मात्र फार सुंदर आहे.’

इथल्या वाघांना नावं असतात, तीही लोकांना घरच्या माणसांसारखी तोंडपाठ. माया, वाघडोह, छोटा मटका. ‘छोटा मटका कुठे लागेल?’ असं ठाण्याच्या काकांनी भर बैठकीत विचारलं तेव्हा आमच्या आजीला वाटलं, मुलाकडचे लोक आकडा लावणारे निघाले. सोयरीक वाचवायला मला वन्यजीवशास्त्र समजावून सांगावं लागलं.

ताडोबा हे नाव ज्याच्यावरून पडलं तो तारू. गोंडांचा पुढारी, वाघाशी लढताना मेला असं सांगतात, आणि तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. म्हणजे ताडोब्यात ज्याला वाघ अगदी जवळून दिसला त्याचा देव झाला, एवढं पाहुण्यांनी ध्यानात ठेवावं आणि जिप्सीतून उतरू नये.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायची आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. चंद्रपूर जिल्ह्यात दोनशेच्या वर वाघ आहेत आणि ते सगळे तिकिटाच्या कुंपणात राहत नाहीत. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडच्या बाया उन्हाळ्यात पहाटे मोहफुलं वेचायला आणि नंतर तेंदूपानं तोडायला त्याच जंगलात जातात, तेही पायी. त्यातल्या काही परत येत नाहीत. पाहुण्याला वाघ दिसला नाही तर त्याचा दिवस फुकट जातो. त्या बाईला दिसला नाही तर तिचा दिवस साजरा होतो. मांडवात वाढायला आलेल्या बाईला ‘तुम्ही तर रोज बघत असाल ना, किती लकी!’ असं कृपा करून म्हणू नका. आमच्या मावशी म्हणाल्या होत्या. ती बाई काही बोलली नाही, पण मावशींना वाढलेल्या वरणात तूप पडलं नाही.

खाण्याकडे येऊ. ‘तिथलं ऑथेंटिक काय मिळतं, कुठल्या हॉटेलात?’ या प्रश्नाची माझ्याकडे दोन उत्तरं आहेत. सकाळचं सोपं आहे. गांधी चौकापासून जटपुरा गेटपर्यंत कुठल्याही गाडीवर उभे राहा, पोह्यांवर हरभऱ्याची तर्री ओतून घ्या, सोबत एक आलूबोंडा. त्याला बटाटेवडा म्हटलंत तरी गाडीवाला देईल, पण शेजारचे चार लोक वळून बघतील. तर्री जास्त घेऊ नका असा सल्ला मी पुणेकरांना देत असे. आता देत नाही. ज्याची त्याची हौस.

दुपार-रात्रीचं उत्तर अवघड आहे, कारण चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांतलं खरं जेवण हॉटेलात शिरलेलंच नाही. हॉटेलात गेलात तर तेच पनीर, तेच दाल तडका आणि सावजीची पाटी, जी मुळात नागपूरहून आली. झाडीपट्टीचं, म्हणजे या भागाचं, जेवण घरात शिजतं: मामा (माजी मालगुजारी) तलावातली मरळ, वाळवलेले झिंगे, गावठी कोंबडीचा लालभडक रस्सा, पावसाळ्यात बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी, ज्याला इकडे वास्ते म्हणतात. उन्हाळ्यात तेंदूची पिवळीधमक टेंभरं आणि चारोळीची फळं बाया टोपलीत घेऊन बसतात. भामरागडकडे गेलात आणि कोणी माडिया घरानं लाल मुंग्यांची चटणी पुढे केली तर तोंड वाकडं करू नका. आंबट आणि झणझणीत असते, आणि तुमच्या त्या सातशे रुपयांच्या सुशीपेक्षा ताजी असते.

आणि भात. हे पूर्वेकडचे तालुके भाताचे. तुमच्या पानात जो बारीक, मोकळा एचएमटी तांदूळ पडतो, तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्याच्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी हुडकून काढला. जेमतेम शाळा शिकलेला, थोड्याशा जमिनीचा शेतकरी. धानाच्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी निवडून ठेवल्या, वर्षानुवर्षं पेरून पाहिल्या आणि वाण तयार केलं. त्या काळात एचएमटीच्या घड्याळांची चलती होती, म्हणून व्यापाऱ्यानं तेच नाव तांदळाला चिकटवलं. खोब्रागडे 2018 मध्ये गेले. एचएमटीची घड्याळं त्याआधीच, 2016 मध्ये बंद पडली. तांदूळ चालू आहे. नावाचा पैसा मात्र त्यांच्या पदरी फारसा कधी पडला नाही. तेव्हा बुफेत भात टाकू नका, एवढं तरी करा.

बुफेचीही एक गंमतच आहे. पाहुण्यांना इथलं खायचं असतं आणि आम्हाला पाहुण्यांना त्यांच्याकडचं खाऊ घालायचं असतं. म्हणून मांडवात पास्त्याचा लाइव्ह काउंटर लागतो, चायनीज लागतं आणि पुण्याहून आलेला माणूस प्लेट हातात घेऊन ‘इथलं काही नाही का?’ असं विचारत फिरतो. इथलं असतं ना! मांडवाच्या मागे, जिथे आचारी आणि मंडपवाले बसतात, तिथे शेंगदाणे घातलेली डाळभाजी, आलू-वांग्याची भाजी आणि वाफाळता भात असतो. मी स्वतः तिथेच जेवतो. हुशार पाहुण्यानं हळदीच्या दिवशीच यावं, मांडवावर जांभळीच्या डहाळ्या चढत असताना, आणि घरच्या पंगतीत बसावं. केटरर दुसऱ्या दिवशी येतो, तोवर चव शिल्लक असते.

राहिला तो तिसरा प्रश्न. आवाज खाली: ‘काका, तुमच्याकडे ते... मिळतं का?’ गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 ला बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. मधल्या सहा वर्षांत आमच्या लग्नांना येणारे काही सोयरे नागपूरहून सरळ वरोऱ्यावरून यायचं सोडून वणीकडून वळसा घालून का येतात, हे बायकांना कळत नाही असा पुरुषांचा समज होता. वणी यवतमाळ जिल्ह्यात येतं. आता अडचण फक्त गडचिरोलीच्या लग्नांना उरली आहे. वैनगंगेच्या अलीकडे चंद्रपूर, पलीकडे गडचिरोली, आणि वरातीच्या गाड्या पूल ओलांडण्याआधी व्याहाडच्या बाजूला चहासाठी जरा जास्तच वेळ थांबतात. चहा तिथला चांगला असेलही. पण ही बंदी सरकारनं वरून लादलेली नाही, ती बायकांनी मोर्चे काढून, भांडून मिळवलेली आहे. म्हणून गडचिरोलीच्या मांडवात नवरदेवाच्या मित्रानं बाटली काढली तर त्याला पोलिसांच्या आधी नवरीची आजी गाठते.

त्याऐवजी तुम्हाला खर्रा मिळेल. नको म्हणा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला हा पदार्थ इथे ओळख काढण्याचं साधन आहे. खर्रा पुढे केला म्हणजे माणसानं तुम्हाला आपलं मानलं. आपलं मानल्याचा आनंद घ्यावा आणि खर्रा परत द्यावा. कागदोपत्री यातल्या निम्म्या गोष्टींवर बंदी आहे. पानठेल्यावरची गर्दी बघून तसं वाटणार नाही.

शहरात बघायचं काय? परकोट बघा. चांद्याच्या गोंड राजांची ही राजधानी. आख्यायिका अशी की खांडक्या बल्लाळशाह राजा शिकारीला गेला असता एका सशानं त्याच्या कुत्र्याला पळवून लावलं, आणि राणी म्हणाली, जिथे ससाही एवढा शूर तिथे शहर वसवा. त्या शहराच्या जटपुरा दरवाजातून सायंकाळी सहा वाजता कार काढून दाखवणं, ही आमच्याकडची सगळ्यात साहसी ॲक्टिव्हिटी आहे, आणि तिला बुकिंग लागत नाही. ससा असता तरी मागे फिरला असता. राणी हिराईनं नवऱ्यासाठी, बीरशाहसाठी बांधलेली समाधी बघा. बायकोची आठवण म्हणून नवऱ्यानं बांधलेली इमारत बघायला लोक आग्र्याला जातात. ही उलटी आहे आणि गर्दी नाही. लालपेठेत दगडाच्या प्रचंड मूर्ती उघड्यावर आडव्या पडल्या आहेत. त्यातल्या दहा तोंडांच्या दुर्गेला लोक रावण म्हणतात आणि तीही काही तक्रार करत नाही. बाबासाहेबांनी नागपूरनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 ला इथे धम्मदीक्षा दिली, ती दीक्षाभूमी आहे. 1858 मध्ये इंग्रजांनी बाबुराव शेडमाकेंना फाशी दिली ते तुरुंगाचं आवार शहरातच आहे. हे सगळं सकाळी नऊच्या आत उरका. नंतरचं वर कूलरच्या परिच्छेदात सांगितलं आहे.

‘एक दिवस गडचिरोली करून येतो,’ असं म्हणणाऱ्यांना मी आधी नकाशा पाठवतो. गडचिरोली शहरापासून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे पुण्याहून मुंबईला जाऊन परत निम्म्या घाटापर्यंत आलात, आणि तरी जिल्हा तोच. वाटेत आलापल्लीचं सागवान लागेल. अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांना या भागातलं सागवान गेलं, हे तुमचा ड्रायव्हर न विचारता सांगेल. सोबत लोहखनिजाचे ट्रक लागतील, त्यांच्यापासून जपा. नक्षलवाद्यांबद्दल फोनवर पंधरा मिनिटं विचारणाऱ्या माणसाला मी त्या ट्रकांबद्दल सांगतो, तर तो ऐकत नाही. हेमलकसा बघावं असं सगळ्यांना वाटतं, 2014 च्या सिनेमानंतर तर जास्तच. जरूर जा. पण 1973 मध्ये सुरू झालेला तिथला प्रकल्प म्हणजे दवाखाना आणि शाळा आहे. ‘बिबट्याला हात लावू देतात का?’ हा प्रश्न तिथे विचारू नका, रांगेत ताप आलेलं मूल घेऊन माणसं बसलेली असतात. ज्येष्ठ मंडळींना वैनगंगेकाठी मार्कंड्याला न्या. त्याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात. आमच्याकडच्या कुठल्याही जागेला दुसऱ्या जागेचं नाव दिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. त्या नावामुळे काही आजोबांनी नातवंडांना गाडीतच बसवून ठेवल्याचं मी पाहिलं आहे.

लग्न थंडीतलं असेल तर मात्र माझं ऐका, वाघ सोडा आणि नाटक बघा. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत गावोगाव नाटकं असतात, वडसा-देसाईगंज हे त्यांचं ठाणं. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक, जे रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. रडणं, हसणं, गाणी, लावणी, सगळं एकाच तिकिटात. इथल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. इथे कलाकार हमखास दिसतात. वाघासारखं नाही.

एवढं सगळं करून एक कार्यक्रम उरतो, तो म्हणजे लग्न. घरातल्या मागच्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मंडळी सफारीवरून यायची होती. अल्बममध्ये नवरा-नवरीच्या मागे रिकाम्या खुर्च्यांच्या रांगाच रांगा, आणि कोपऱ्यात कूलरपाशी, निश्चिंत वाऱ्यात बसलेल्या आत्याबाई. तेव्हापासून मोठ्यांच्या मनात हे होतंच. या वेळी भटजी जरा कुरकुरले, पण पंचांग दोनदा चाळल्यावर हवा तो मुहूर्त निघाला. पत्रिका पोचली असेलच. लग्न मंगळवारी आहे. ताडोबा मंगळवारी बंद असतं.